कडेची पट्टी

व्हीएचएस कॅसेट उघडायला पाच स्क्रू काढावे लागतात. त्यातला एक हमखास गंजलेला असतो. तो निघेना झाला की अण्णा त्यावर खोबरेल तेलाचा थेंब सोडून चहा प्यायला जायचे आणि परत येईपर्यंत स्क्रू नरम आलेला असायचा. मला एवढा धीर नव्हता. पहिल्याच कॅसेटच्या स्क्रूची खाच मी पार झिजवून टाकली आणि मग चिडून कवच फोडलं. आत दोन चाकांवर गुंडाळलेली काळी फीत आणि तिच्या कडेला वाळून चिकटलेला कृष्णेचा गाळ. २०१९ च्या ऑगस्टमधला.

सांगलीत हरभट रस्त्याच्या मागे एका गल्लीत अण्णांचं, माझ्या वडिलांचं, दुकान होतं. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, गावाला ते ‘शूटिंगवाले’ म्हणूनच माहीत. १९८९ पासून वीसेक वर्षं त्यांनी लग्नं केली. म्हणजे लोकांची. मुंजी, डोहाळेजेवणं, वास्तुशांती, गणपतीच्या मिरवणुका, एकदा कारखान्याच्या मोळीपूजनाचा समारंभसुद्धा. मिक्सिंग करून गिऱ्हाइकाला प्रत दिली तरी मास्टर कॅसेट ते स्वतःकडे ठेवायचे. “लोकं हरवत्यात. मग दहा वर्षांनी येत्यात, म्हातारी गेली, तिचं चालतंबोलतं काय असलं तर द्या म्हणून.” अशी माणसं खरंच यायची. अण्णा त्यांच्याकडून कोऱ्या कॅसेटचे तेवढे पैसे घ्यायचे.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दुकानात ते सगळ्यात वरच्या फळीपर्यंत पोचलं. तीनशेवर कॅसेटींतल्या दीडशेच्या आसपास अण्णांनी पोत्यांत भरून घरी आणल्या, सुपांत मांडून गच्चीवर सावलीला ठेवल्या. कुरडया वाळत घालाव्यात तशा. मग त्या माळ्यावर गेल्या. “बघू सवडीनं,” ते म्हणाले. सवड २०२० च्या टाळेबंदीत मिळाली, तेव्हा व्हीसीआर बंद पडलेला होता. नवा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जगात शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ च्या जुलैत ते काम थांबवलं होतं.

अण्णा २०२१ च्या एप्रिलमधे गेले.

त्याआधी एक व्हिडिओ कॉल झाला. पीपीई किटमधल्या एका मुलानं स्वतःच्या फोनवरून तो लावून दिला. त्याचे उपकार कसे फेडायचे मला माहीत नाही, त्याचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही. कॉल ३८ सेकंदांचा. फोनच्या नोंदीत तेवढं राहिलं आहे. चित्रात बहुतेक वेळ छत आणि पंखा. अण्णांचा चेहरा दोनदा आला, तिरका, अर्धा कापलेला, मास्कवर वाफ धरलेली. आवाज मात्र पूर्ण ३८ सेकंद. ऑक्सिजनचा फसफसाट आणि त्याच्या तळाशी एक श्वास, जो पुरत नव्हता. मी “अण्णा, ऐकू येतंय का” एवढंच तीन वेळा विचारलं. इतकी वर्षं माणसांशी बोलून त्या वेळी मला दुसरं वाक्य सुचलं नाही.

तो कॉल कुठंच साठवलेला नाही. पण तो माझ्यापुरता दिवसातून आठ-दहा वेळा लागायचा. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ फुसफुसते तेव्हा. बस थांबताना एअर ब्रेक सोडते तेव्हा. एकदा नळाला पाणी यायच्या आधी नुसती हवा आली तेव्हा मी बादली टाकून बाहेर पळाले. आठवण म्हणजे गेलेली गोष्ट आठवणं. हे तसं नव्हतं, हे दर वेळी पहिल्यांदाच घडत होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की बायका हेल काढून रडतात. माझी आजी १९९८ मधे गेली तेव्हा दोन्ही आत्या गल्लीच्या तोंडापासूनच सूर लावत आल्या होत्या. आजीनं कुठल्या दुष्काळात काय रांधलं, कुणाचं बाळंतपण केलं, कुणाला मागच्या दारानं भाकरी दिली, सगळं त्या सुरात येत होतं. दाराशी पोचल्या की दुसऱ्या बायका सूर उचलायच्या. मला तेव्हा, कॉलेजच्या वयात, त्याची लाज वाटली होती. हे नाटक आहे असं मी अण्णांना म्हणाले सुद्धा. अण्णा म्हणाले, “नाटक न्हवं. मिक्सिंग हाय.” मला वाटलं ते विनोद करताहेत.

अण्णांच्या वेळी कुणी आलं नाही. येऊच शकत नव्हतं. थोरल्या आत्यानं फोनवर हेल काढला आणि नेटवर्क तुटत असल्यामुळे तो तुकड्यातुकड्यांनी आला. ‘माझ्या’ आला, पुढचं गेलं. मग नुसता एक लांब स्वर, मग काहीच नाही. मी “हॅलो, हॅलो” करत राहिले.

माझा धंदा उपशीर्षकांचा. माहितीपटांना मराठी ओळी लिहायच्या, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, माणूस बोलायला लागला की ओळ आली पाहिजे आणि गप्प झाला की गेली पाहिजे. कानानं अधू असलेल्यांसाठी लिहायचं असेल तर बोलण्यापलीकडचे आवाजही कंसात द्यावे लागतात. (दार आपटतं). (दूरवर रेल्वे). त्या जूनमधे एका कामात (धाप लागते) लिहायची वेळ आली, तेव्हा मी ते काम परत केलं. त्यांनी कारण विचारलं, मी प्रकृतीचं सांगितलं. ते खोटं नव्हतं.

समुपदेशक बाईंकडे मी सहा वेळा गेले. त्यांचा उपयोग झाला नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. निदान झोप लागायला लागली. त्यांच्याकडेच एक गोष्ट कळली, तिनं माझी उत्सुकता चाळवली. २००९ मधे ऑक्सफर्डच्या एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना अपघात-मृत्यूची भीषण दृश्यं असलेली फिल्म दाखवली. अर्ध्या तासानं त्यातल्या काहींना टेट्रिस खेळायला बसवलं, वरून पडणारे ठोकळे फिरवून खाली बसवायचा तो साधा खेळ. पुढच्या आठवडाभरात ती दृश्यं डोळ्यांपुढे अवचित येण्याचं प्रमाण टेट्रिस खेळलेल्यांत कमी निघालं. कारण असं सांगतात की दृश्य मनात घट्ट बसायला जी जागा लागते तीच जागा ठोकळे बसवण्यात गुंतलेली असते. मला ते वाचून हसू आलं, मग राग आला. बाप गेला आणि ठोकळे रचा! पण हात आणि डोळे गुंतले की मनातल्या चित्राची पकड सैल होते, एवढं मी बाजूला ठेवून दिलं.

दिवाळीच्या साफसफाईला आईनं माळा रिकामा करायला काढला. पोती दारात आली. “भंगारवाला प्लास्टिकचं किलोवर घेतो म्हणं,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच पोत्याचं तोंड बांधून टाकलं. मी ती पुण्याला आणली. व्हीसीआर जुन्या बाजारात मिळाला, दुसरा मिळाला आणि तिसरा या दोघांचे भाग काढायला. पुराच्या कॅसेटीची एक रीत आहे. फिती त्यांच्या चाकांसकट काढायच्या, शुद्ध केलेल्या पाण्यात अलगद धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, चांगल्या कवचात बसवून हातानं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायच्या. मशीनला घाईनं दिली की फीत तुटते किंवा हेडवर काळी पूड सोडते. मग स्पिरिटमधे भिजवलेला कपडा घेऊन हेड पुसत बसा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हे काम लवकर करताच येत नाही. तीन तासांची कॅसेट संगणकावर घ्यायला तीन तास लागतात. पेन ड्राइव्हसारखं ओढून टाकता येत नाही. कुणाच्या तरी लग्नाचे तीन तास तुम्हाला बसून काढावे लागतात, हळद, घाणा, सीमांतपूजन, पंगत. पहिल्या तेरा दिवसांत जे बसणं व्हायला हवं होतं ते झालं नव्हतं. ते मी आता परक्यांच्या मांडवात करत होते.

विल्यम बासिन्स्की या अमेरिकन संगीतकाराची गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती, पण ती कळली या दिवसांत. १९८० च्या दशकात त्यानं चुंबकीय फितींवर काही छोटे सुरांचे तुकडे करून ठेवले होते, गोल फिरत राहणारे. २००१ च्या उन्हाळ्यात ते संगणकावर उतरवताना त्याच्या लक्षात आलं की फीत प्रत्येक फेऱ्यात झडते आहे. वरचा लेप सुटतोय, सूर प्रत्येक वळणाला थोडा थोडा कमी होतोय. त्यानं यंत्र थांबवलं नाही. सूर मरेपर्यंत नोंद घेत राहिला. त्याच सुमारास ११ सप्टेंबर आला. त्या संध्याकाळी ब्रुकलिनमधल्या आपल्या गच्चीवरून त्यानं धुरानं भरलेल्या आकाशाचं चित्रण केलं, दिवसाचा उजेड संपेपर्यंत, आणि नंतर त्या चित्राखाली तो झडणारा सूर ठेवला. एवढंच. कॅमेरा हलत नाही, कुणी बोलत नाही. मी ते पूर्वी एकदा पाहून कंटाळले होते. आता हेड पुसताना कपड्याला लागलेली पूड पाहिली की वाटायचं, यातच कुणाची तरी मंगलाष्टकं आहेत.

पण खरं सांगायचं तर पहिले दोन महिने त्या कॅसेटींनी मला काही दिलं नाही. उलट घेतलं. मी अण्णांना शोधत होते आणि अण्णा कुठंच नव्हते. दीडशे कॅसेटी, शेकडो तास, हजारो माणसं, पण ज्याच्या खांद्यावर कॅमेरा तो चित्रात कसा येणार? मी हॉलच्या आरशांत बघायची, रुखवतातल्या स्टीलच्या पातेल्यांत बघायची, समईच्या पितळेत बघायची. एकदा मांडवाच्या पांढऱ्या कापडावर सावली सापडली, खांद्यावर चौकोन असलेली. ती मी थांबवून इतका वेळ बघत बसले की व्हीसीआर आपोआप बंद झाला.

मग फेब्रुवारीत एक फार खराब झालेली कॅसेट लागली. चित्र जवळजवळ गेलेलं, नुसते पांढरे ठिपके आणि आडव्या रेघा. आवाज मात्र खणखणीत. मला आधी यंत्रात दोष वाटला. दोष नव्हता, रचना होती. व्हीएचएसच्या अर्ध्या इंची फितीवर चित्र मधल्या भागात तिरक्या पट्ट्यांनी लिहिलेलं असतं आणि साधा आवाज वरच्या कडेला, जेमतेम एक मिलिमीटर रुंदीच्या सरळ पट्टीत. चित्र आणि आवाज एका फितीवर असतात, पण एका जागी नसतात. गाळानं मधला भाग खाल्ला होता, कडेची पट्टी वाचली होती.

चित्र नव्हतं म्हणून मी ऐकलं. अक्षता वाटल्या जात होत्या, भटजी मुहूर्ताची वाट बघत होते, हॉल शांत झाला होता. अशा कॅमेऱ्यात आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करायची सोय असते. भोवती गोंगाट असला की तो कान मिटून घेतो आणि शांत झालं की टवकारतो. तसा त्यानं कान टवकारला आणि माइकच्या अगदी मागून, जवळून, एक श्वास आला.

मी हेडफोन काढून ठेवला. उठले, गॅलरीत गेले, परत आले.

श्वास आत गेला, आणि थांबला. पाच सेकंद, सात, नऊ. मग ‘हुं’ करून बाहेर. परत दोन साधे श्वास. परत आत, परत थांबला. मी चांगलं चित्र शिल्लक असलेली दुसरी कॅसेट लावली आणि दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या. नवरी माळ उचलते, कॅमेरा तिच्या हातापासून चेहऱ्यापर्यंत लोण्यासारखा सरकतो, आणि तेवढा वेळ श्वास नाही. चित्र स्थिरावतं, तेव्हा ‘हुं’. मला माहीत होतं हे. लहानपणी दुकानात नव्या पोराला अण्णा शिकवायचे, “प्यान करताना दम धरायचा. तू हललास की लगीन हललं.” माहीत होतं आणि विसरले होते. ज्या ज्या कॅसेटमधलं चित्र सगळ्यात सुंदर, सगळ्यात निश्चल, तिथं तिथं अण्णांनी श्वास धरलेला होता. आणि दर वेळी तो सोडला होता.

दहा महिने मला ज्याचा श्वास पुरत नव्हता एवढंच ऐकू येत होतं, तो माणूस वीस वर्षं आपल्या मर्जीनं श्वास रोखत आणि सोडत होता. त्याच्या कामाची ती रीतच होती. याला सांत्वन म्हणतात की नाही कोण जाणे. त्या रात्री मी जेवले, एवढं सांगते.

त्यानंतर माझं शोधणं बदललं. मी चित्र बंद करून फक्त कडेची पट्टी ऐकायला लागले. संगणकावर आवाजाची रेघ दिसते, त्यात बँडबाजा म्हणजे भरगच्च भिंत, ‘सावधान’ म्हणजे एक उंच झाड, अण्णांचा खोकला म्हणजे बाभळीचा काटा आणि श्वास म्हणजे मुंग्यांची रांग. मी मुंग्या वेचत गेले. (श्वास). (श्वास रोखलेला). (हसू दाबतात). (“सरका जरा, मावशी”). (“लाईट वर”). (पुटपुटतात, शब्द अस्पष्ट). (विडी विझवल्याचा आवाज). सवयीनं प्रत्येकापुढे वेळ लिहिली. चारशे बारा नोंदी झाल्या. जे काम मला जूनमधे करता आलं नव्हतं तेच मी न थांबता करत होते.

हे वेचून काय करायचं याचा विचार मात्र नव्हता. तो कंबोडियाचा चित्रपट-दिग्दर्शक रिथी पान्ह याच्यामुळे आला. १९७५ मधे ख्मेर रूजनी नॉम पेन्ह रिकामं केलं तेव्हा तो लहान होता. पुढच्या चार वर्षांत आईवडील आणि घरातली बरीच माणसं उपासमारीनं, कष्टानं, आजारानं गेली. त्या मरणांचं एकही चित्र अस्तित्वात नाही. जी चित्रं आहेत ती राज्यकर्त्यांनी काढलेली, हसत शेतात राबणाऱ्यांची. मग २०१३ च्या ‘द मिसिंग पिक्चर’मधे त्यानं मातीच्या बाहुल्या करवून घेतल्या. शेकडो, हाताएवढ्यासुद्धा नाहीत. बाबा, आई, शेजारी, भुकेलं पोर. त्या हलतही नाहीत, कॅमेराच त्यांच्याभोवती हळू फिरतो आणि खाली आवाज सांगत राहतो. बघताना आपण विसरत नाही की ही माती आहे. ती माती आहे म्हणूनच बघवतं. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत, कागदावरचं रंगवलेलं चित्र पुढे धरायचं, ते हलत नसतं, हलतो तो गाणाऱ्याचा आवाज, आणि त्या जोडीतून समोर बसलेल्या माणसाला रामाचं रडणं दिसतं.

माझ्याकडेही एक चित्र नव्हतं. ३८ सेकंदांचं.

मी तिपाईवर कॅमेरा लावला आणि माझ्या खोलीतल्या पंख्याचं चित्रण केलं, जमिनीवर झोपून, खालून वर. तो कॉल दिसला होता तसं. पहिल्यांदा केलं तेव्हा मला घाम फुटला आणि मी सात सेकंदांत बंद केलं. दुसऱ्या दिवशी वीस. चौथ्या दिवशी पूर्ण. मग त्याखाली आवाज लावायला बसले. आधी सनई लावली. इतकं वाईट झालं की मलाच हसू आलं, एखाद्या मंगल कार्यालयाची जाहिरात. मग तानपुरा. तेही खोटं. लग्नातली गर्दी लावली तर पंखा नुसता पंखा झाला, कुणाच्याही घरातला. शेवटी १९९६ च्या एका लग्नातले मुहूर्ताआधीचे श्वास घेतले. एक आत. रोखलेला. ‘हुं’.

३८ सेकंद म्हणजे ९५० चौकटी. श्वास कुठं सुरू करायचा आणि कुठं संपवायचा यावर मी तीन आठवडे घालवले. रोखलेला श्वास पंख्यावर ठेवला की काळीज थांबायचं, म्हणजे माझंच. तो नऊ सेकंद चालतो. नऊ सेकंदांत पंख्याचं पातं किती फेरे घेतं ते मी मोजलेलं आहे. प्रत्येक वेळी वाटायचं की आता तो सुटणार नाही. प्रत्येक वेळी तो सुटायचा. शेदोनशे वेळा तरी मी ते पाहिलं असेल, कारण कापताना पाहावंच लागतं, दोन चौकटी पुढे, एक मागे, पुन्हा. आणि कधीतरी मार्च संपता संपता असं झालं की बसचा एअर ब्रेक सुटला, माझं अंग ताठ झालं, आणि मनात आपोआप पुढचा आवाज आला. ‘हुं.’

२००० साली करीम नादर या मेंदूशास्त्रज्ञानं उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की जुनी, पक्की बसलेली भीतीची आठवण पुन्हा जागी झाली की थोड्या काळापुरती ती परत कच्ची होते आणि पुन्हा नव्यानं पक्की व्हावी लागते. उंदरांचं माणसांना किती लागू याबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत, आणि मी काही तज्ज्ञ नाही. पण व्हीएचएसच्या घरात वाढलेल्या माणसाला ही कल्पना परकी वाटत नाही. कॅसेटच्या पाठीवर एक छोटी पाकळी असते. ती मोडली की वर काही नोंदवता येत नाही. आणि मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा येतं.

यात एक गोष्ट मला सोडवता आलेली नाही. ही बनवाबनवी आहे का? त्या कॉलमधला श्वास तसा नव्हता. मी १९९६ चा श्वास आणून २०२१ च्या जागी ठेवला. दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीनं २०२० च्या फेब्रुवारीत एक कार्यक्रम दाखवला होता, त्यात एका आईला तिच्या गेलेल्या छोट्या मुलीची संगणकानं घडवलेली आकृती डोळ्यांवरच्या यंत्रातून भेटवली. आई हातमोजा घातलेल्या हातानं हवेतल्या केसांवरून हात फिरवते. मला ते पाहवलं नव्हतं. मग माझ्यात आणि त्यात फरक काय? मला वाटतं, त्यात जोड दिसत नाही. ती मुलगी ‘आहे’ असं भासवलं जातं. माझ्या पंख्यात जोड उघडी आहे. पंखा माझा, श्वास दुसऱ्या काळातला, दोन्ही एकमेकांचे नाहीत हे पहिल्या सेकंदाला कळतं. पण हा फरक मी माझ्या सोयीचाही काढला असेल.

भावपूर्ण श्रद्धांजलीचे ते तीस सेकंदांचे व्हिडिओ, हलणारी ज्योत, बासरी, फोटोवरून उडणारी पाखरं, मला पूर्वी सहन व्हायचे नाहीत. चुलतभावानं अण्णांचा तसा केला होता आणि मी त्याला बरंच बोलले होते. आता वाटतं की रात्री एक वाजता फोनवर बोटानं काकांचा फोटो कापून ज्योतीशेजारी बसवताना त्या पोराचे हातही कशात तरी गुंतले असतीलच. बासरी मात्र अजूनही सहन होत नाही.

आणि मी तीन आठवड्यांचं कौतुक सांगते आहे म्हणून हेही सांगितलं पाहिजे. शाहीर विलास घोगरे माहितीपटकार आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मधे गायले होते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच घोगऱ्यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी त्या धक्क्यातून चित्रण सुरू केलं, आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला २०११ मधे. चौदा वर्षं. त्या दुःखाला न्यायालय होतं, पोलीस होते, मतं मागणारे होते, आणि गाणी होती जी थांबायला तयार नव्हती. ते एका खोलीत, एका पंख्याखाली मिटवण्यासारखं नव्हतंच.

माझं शेवटी अकरा मिनिटांचं झालं. पंख्याचे ३८ सेकंद मधे, त्याच्या अलीकडे पलीकडे कॅसेटींतली चित्रं, जिथं अण्णांनी दम धरला ती. माळ उचलणारा हात, पंगतीत वाढताना वाकलेली पाठ, झोपलेली करवली, पावसात भिजलेला बँडवाला. बोलणं जवळजवळ नाही. ज्यांची ही लग्नं त्यांच्यापैकी जे सापडले त्यांना विचारलं. जे सापडले नाहीत त्यांचे चेहरे घेतले नाहीत, हात घेतले. बसचा ब्रेक अजून दचकवतो. कधी ‘हुं’ येतो, कधी येत नाही.

वर्षश्राद्धाला मी ते सांगलीला नेलं. भिंतीवर लावलं. आत्या आल्या होत्या, या वेळी येऊ शकल्या. पाहताना त्यांनी हेल वगैरे काढला नाही, कोणती साडी कुणाची यावरून त्यांचं भांडण लागलं. शेजारच्या काकूंना वरातीत त्यांचे मालक दिसले, त्यांनी तेवढंच चार वेळा मागे घ्यायला लावलं. पंख्याच्या वेळी सगळे गप्प बसले, पण बहुधा काय चाललंय ते न कळून. श्वास कुणाच्या लक्षात आला नाही. आई काही बोलली नाही. मला जरा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथीच्या दोन जुड्या घेऊन बसली आणि म्हणाली, “ते कालचं लाव. चित्र नको. नुस्तं ऐकू दे.”

मी फोनवर आवाज तेवढा लावला आणि परातीशेजारी ठेवला. ती पानं खुडत राहिली. मान खाली. मांडवातली कुजबुज आली, पातेल्यांचा आवाज आला, अण्णांचा एक खोकला आला. “हा विडीचा,” ती म्हणाली. सुरुवातीच्या वर्षांत, दुकानाला नोकर परवडत नव्हता तेव्हा, लग्नांत हॅलोजनचा दिवा आईच धरायची, पदर खोचून, खुर्चीवर उभी राहून. मला हे सांगितलेलं आठवतं, पाहिलेलं आठवत नाही.

श्वास आत गेला. थांबला. आईचे हातही थांबले. मग ‘हुं’ आला, आणि लगेच, माइकच्या मागून, दबक्या आवाजात, “लाईट वर.”

“वरच धरला होता की!” आई म्हणाली, आणि हातातला देठ जरा जोरातच परातीबाहेर टाकला.